पिवळी रेघ

मंगळवार, ता. ३

सगळ्यात आधी टपकली ती रेडिएटरवाल्याची सासू. म्हणायला माझा गुडघा बघायला, पण डोळे सगळे आमच्या नव्या पडद्यांवर. टोक बोटांत चुरगाळून बघितलं आणि म्हणाली, "धुतल्यावर आकसणार हं हे." मी म्हटलं, आकसू देत, खिडकीही लहानच आहे. मग डेंटरची बायको आली. तिचा नवरा खाली गाड्यांचे पोचे काढतो, दिवसभर ठोकठोक. ती बिचारी काही बोलत नाही, नुसती बसते. नवऱ्याच्या हातोडीपुढे बोलायची सवयच गेली असणार.

मी म्हटलं, डॉक्टरीण चालायला सांगते, पण या गल्लीत चालून बघायचं काय? तेल नि पत्रा. तर रेडिएटरवाल्याची सासू फणकारली, "तुम्ही इथं नव्या. वर गॅलरीत बसून नावं ठेवता. खाली उतरून बघितलंत कधी?" डेंटरची बायको तेवढी हसली.

ही वही डॉक्टरणीनेच दिली आहे. गुडघा बदलून दोन महिने झाले. "आजी, रोज किती चाललात ते लिहा, एक ओळ पुरे," म्हणाली. एका ओळीत कुणाचं भागतं? चौथीत शाळा सुटली माझी, म्हणून काय झालं, लिहायला बसले की मला थांबता येत नाही.

आज चालले: खोलीपासून जिन्यापर्यंत, दोनदा. सूनबाईने बघितलं नाही, ती कामावर होती. बघितलं असतं तरी बोलली नसती म्हणा. सहा महिने झाले मी मुलाकडे राहायला येऊन, रोज सकाळी एवढंच, "आई, चहा ठेवलाय." झालं.

गुरुवार, ता. ५

खाली उतरले! बावीस पायऱ्या.

डेंटरच्या दुकानाला लागून एक मोडकी टॅक्सी विटांवर उभी आहे. वरून मला वाटायचं भंगार आहे. जवळ गेले तर बॉनेटच्या जागी नुसता पुदिना! इंजिन जिथं असतं तिथं माती भरलेली. मागच्या सीटवर मिरच्या, डिकीत टोमॅटो, आणि पुढच्या खिडकीतून भोपळ्याचा वेल बाहेर पडून त्यांच्या गॅलरीपर्यंत गेलेला. स्टिअरिंग मात्र चकचकीत पुसलेलं.

मी तोंड उघडं टाकून उभी. डेंटरची बायको झारी घेऊन आली. म्हटलं, पोरी, हे तुझं?

"माझ्या बाबांची टॅक्सी आहे ही, आजी. ते गेले, इंजिन विकलं. हे म्हणाले कापून टाकू, पत्रा कामाला येईल. मी म्हटलं, आधी मला कापा."

बघा, आणि मी समजत होते हिला बोलता येत नाही.

"किती वर्षं झाली?"

"अकरा. इंचभर हलली नाही."

मी बॉनेटजवळ खाली वाकून पुदिन्याचा वास घेतला. गुडघ्यातून कळ आली, पण तेवढ्यासाठी नाही वाकायचं का?

चालले: टॅक्सीपर्यंत आणि परत.

सोमवार, ता. ९

तीन दिवस लिहिलं नाही, पाय सुजला होता. आज मात्र पुढच्या वळणापर्यंत गेले आणि काय काय सापडलं म्हणून सांगू!

एक, वॉशिंग मशीन दुरुस्त करणारे काका. दारात मशीनचे जुने ड्रम मांडलेत, त्यांच्या भोकाभोकांतून झाडं डोकावतात. लाल, जांभळी, काही खायची, काही नुसती दिसायची. एक ड्रम तर अजून त्याच्या दांड्यावर आहे. सूर्य सरकेल तसा काका तो थोडा थोडा फिरवतात, म्हणजे सगळ्या बाजूंना ऊन मिळतं. एकटेच असतात, बायको गेली. मी पुढे गेले तेव्हा ड्रम फिरवत होते, परत आले तेव्हाही फिरवत होते. म्हटलं, एवढ्यात सूर्य कुठं हलला? तर म्हणाले, "आज जरा जोरात चाललाय." तऱ्हेवाईक माणूस.

दोन, शिंपीमास्तर. बाहेरच्या पायऱ्यांवर जुन्या जीनच्या पँटी मातीने भरून उभ्या केल्यात, कमरेपासून वर झाड. लांबून वाटतं अर्धी अर्धी माणसं रांगेत उभी आहेत, आणि डोक्याच्या जागी वांगी. मी घाबरलेच. मास्तर म्हणाले, "आजी, ही गिऱ्हाइकं बरी, माप चुकलं म्हणून भांडत नाहीत."

आणि तीन! रेडिएटरवाल्याची सासू! भिंतीशी लोखंडी घोडा लावून त्यावर अठरा हेल्मेटं उलटी टांगलीत. तडे गेलेली, पट्टे तुटलेली, प्रत्येकात चिनी गुलाब. मी म्हटलं, अहो, इतकं छान आहे तर सांगायचं नाही? "का सांगू? वरून बघत होतात ना?" म्हणाली, पण एक फांदी तोडून दिली. आता तिच्याशी पडद्यावरून भांडण नाही.

शनिवार, ता. १४

व्यायामाच्या दवाखान्यात पाय वर-खाली करताना मी सगळ्यांना सांगत होते. दोघीजणी म्हणाल्या, आम्हाला दाखवाल? मी म्हटलं, दाखवेन म्हणजे? हात धरून दाखवेन. बुधवारी दहा वाजता गल्लीच्या तोंडाशी.

सूनबाईला सांगितलं, माझ्याकडे बागा बघायला पाहुणे येणार. ती म्हणाली, "बरं." आणि संध्याकाळी काय बघते, माझी चालायची चप्पल धुऊन उन्हात ठेवलेली. वाळत होती म्हणून मला अनवाणी फिरावं लागलं. सांगून तरी धुवायची.

बुधवार, ता. १८

पाहुणे आले आणि असे आले की मन भरलं!

दोघी येणार होत्या, आले एक बाई आणि एक पुरुष. दवाखान्यातल्यांनी आपल्या सुनेला नि जावयाला पाठवलं असावं, आजकाल म्हातारे पुढे कुठे येतात. बाई तरणी, गळ्यात कार्ड, हातात टेप. तो माणूस पोक्त, हातात रंगाचा डबा. मी म्हटलं, बघायला आलात ना? बाई म्हणाली, "हो, गल्ली बघायला आलोय." म्हटलं, चला तर मग, माझ्यामागून या.

काय बारकाईने बघितलं! टॅक्सीची लांबी-रुंदी मोजली. "किती वर्षांपासून इथे आहे?" मी छाती काढून सांगितलं, अकरा! "हलत नाही?" म्हटलं, इंचभर नाही. तिने लिहून घेतलं. आणि त्या माणसाने टॅक्सीच्या दारावर पिवळी रेघ ओढली.

आता आमच्या गल्लीची रीत अशी. काम तपासून झालं की डेंटर असो, रेडिएटरवाला असो, माझा मुलगा असो, वस्तूवर पिवळी रेघ मारतात. लाल म्हणजे परत कर, पिवळी म्हणजे पास. मुलगा लेथवर काम करतो, त्याच्या प्रत्येक नगावर असते. डेंटरची बायको तर लाजलीच. "पहिल्याच फेरीत पास, आजी!"

मग काय, मला चेव आला. ड्रम दाखवले, प्रत्येकावर रेघ. काका फार खूश, स्वतःच ड्रम धरून उभे. शिंपीमास्तरांच्या पँटींना रेघ मारताना तो माणूस म्हणाला, हे पायरीवर आहे, रस्त्यात थोडंच येतं. मी म्हटलं, असं कसं, त्यांनाही मारा, मास्तरांना वाईट वाटेल. मारली.

रेडिएटरवाल्याच्या सासूने तर कमाल केली. घोड्यावर एकच रेघ मारली म्हणून अडून बसली. "अठरा हेल्मेटं आहेत, अठरांना मारा. त्यांच्या ड्रमांना वेगवेगळी मारलीत, मला एक?" तो माणूस बाईकडे बघायला लागला. बाई म्हणाली, "मारा, काका." अठरा रेघा मारल्या. डबा संपत आला.

जाताना बाई मला म्हणाली, "आजी, इतकं स्वतःहून कुणी दाखवत नाही. आम्हाला चार दिवस लागले असते."

मी म्हटलं, आमची गल्ली आहेच तशी. तिचा चेहरा जरा उतरल्यासारखा वाटला. उन्हाने असेल. पाणी दिलं तेही तिने अर्धंच घेतलं.

चालले: सगळी गल्ली! पुरी!

शुक्रवार, ता. २०

लिहावंसं वाटत नाही. पण लिहिते.

सकाळी खांबावर पालिकेचा कागद चिकटवलेला. मी अक्षर अक्षर लावत होते, तोवर शिंपीमास्तरांनी मोठ्याने वाचला. गल्ली अरुंद झाली आहे. आग लागल्यास बंब आत येऊ शकत नाही. रस्त्यातल्या, पिवळी रेघ मारलेल्या सर्व वस्तू दहा दिवसांत उचलाव्या. न उचलल्यास तीस तारखेला सकाळी ट्रक येऊन घेऊन जाईल.

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

दवाखान्यातल्या दोघींपैकी एकीचा फोन आला होता म्हणे बुधवारीच, की पाय दुखतो, दोघीही येत नाही. सूनबाई सांगायची राहिली, कारण ती येईपर्यंत मी गाढ झोपले होते, इतकी चालले होते.

"गाईड आजी," रेडिएटरवाल्याची सासू म्हणाली, "हात धरून दाखवलंत ना? आणि मी मूर्ख, अठरा रेघा मागून घेतल्या."

डेंटरची बायको टॅक्सीत जाऊन बसली आणि काच वर केली. काच निम्मीच वर जाते.

चालले: घरी.

मंगळवार, ता. २४

चार दिवस खाली गेले नाही. वहीत चार दिवस शून्य, डॉक्टरीण रागावेल.

आज सूनबाई कामावर गेलीच नाही. माझ्यासमोर उभी राहिली आणि एकदम इतकं बोलली की मी मोजतच राहिले. "आई, मी लग्न होऊन आले तेव्हापासून ही टॅक्सी बघते. मी बाग करीन करीन म्हणत राहिले, केली नाही. तुम्ही तीन आठवड्यांत सगळ्या बागा शोधल्यात. चूक झाली. पण चूक करून घरात बसायचं असेल तर गुडघा कशाला बदलला? चपला घाला."

मी म्हटलं, कुठे?

"त्या बाईंच्या ऑफिसात."

ऑफिस म्हणजे लांबच लांब व्हरांडा आणि बाकं. ती मोजणीवाली बाई मला बघून उभीच राहिली. "आजी, मला खूप वाईट वाटलं. पण मागच्या वर्षी पलीकडच्या वस्तीत बंब तोंडाशीच अडकला. दोन माणसं होरपळली. मी स्वतः बघितलंय." तिचं खरं आहे. आमच्याकडे रंग, थिनर, वेल्डिंग, सगळा आगीचाच धंदा.

मग विचारलं, "बाई, रस्ता मोकळा कधी लागतो तुम्हाला? नेहमी, की बंब येतो तेव्हा?"

तिने पेन खाली ठेवलं. "बंब येतो तेव्हा. फोन झाल्यापासून पाच मिनिटांत तो गल्लीच्या तोंडाशी असतो."

"म्हणजे पाच मिनिटं आमची."

ती हसली नाही. आत कुणाशी तरी बोलून आली. म्हणाली, "तीसला ट्रक येणारच, तो मला थांबवता येत नाही. पण ट्रकच्या पुढे बंब आणते. भोंगा वाजला की पाच मिनिटांत बंब या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, तर ट्रक रिकामा जाईल. एकदाच. अडकला तर सगळं उचलणार, आजी, टॅक्सीसुद्धा."

येताना सूनबाईने माझा दंड धरला होता. जिन्यावर कुणी नव्हतं तरी सोडला नाही.

बुधवार, ता. २५

सगळ्यांना डेंटरच्या दुकानात बोलावलं. बोलावलं मी, आले सूनबाईच्या धाकाने. सांगितलं सगळं. रेडिएटरवाल्याची सासू म्हणाली, "पाच मिनिटांत माती भरलेला ड्रम कोण उचलणार? तुमचा नवा गुडघा?"

डेंटर त्या वेळी एका गाडीखाली होता. त्यांची ती फळी असते ना, चाकांची, तिच्यावर पाठ टेकून गाडीखाली सरकतात. आमचं भांडण ऐकून तो सर्रकन बाहेर आला, "काय झालं?" म्हणून.

मी त्याच्या पाठीखाली बघत राहिले. म्हटलं, तू पाऊणशे किलोचा माणूस एका लाथेने सरकतोस, मग ड्रम का नाही दुकानात सरकणार?

डेंटर तसाच फळीवर पडून म्हणाला, "खुळे आहोत आपण सगळे. सगळी गल्ली चाकांची कामं करते नि बागा जमिनीवर."

शुक्रवार, ता. २७

पहिला प्रयोग फसला. भंगारवाल्याकडून ऑफिसच्या खुर्च्यांची चाकं पोतंभर आणली होती. आमची गल्ली खडबडीत, चाकं अडकून एकेक ड्रम गाढवासारखा अडून बसला. शिंपीमास्तरांच्या पँटी तोंडावर पडल्या. चोवीस मिनिटं लागली. घड्याळ काकांकडे होतं, त्यांनी मला हळूच सांगितलं, "वीसच सांगा." मी खरं तेच सांगितलं.

मग माझा मुलगा बोलला. तो सहसा बोलत नाही, बापावर गेलाय. म्हणाला, बेअरिंग लावू. झिजलेली लोखंडी बेअरिंगं प्रत्येक दुकानात पडलेली असतात, गाडीला चालत नाहीत, पण ड्रमला पळतात. तो लेथवर दांडे कातणार, वेल्डर फळ्यांना जोडणार. दुपारपासून ठिणग्याच ठिणग्या. प्रत्येक दांडा तपासून मुलगा त्यावर पिवळी रेघ मारत होता आणि या वेळी कुणाची कुरकुर नव्हती.

रविवार, ता. २९

काल नऊ मिनिटं. आज साडेसहा. बेअरिंगांचा आवाज एवढा की सासूबाई म्हणाल्या (आता मी तिला सासूबाईच म्हणते, तिला आवडतं), "भोंग्याची गरजच काय, हाच ऐकून पलीकडची वस्ती पळेल."

सगळं अडतं ते टॅक्सीपाशी. तिला चार जुने टायर बसवले, विटा काढल्या. अकरा वर्षांनी खाली आली तेव्हा डेंटरची बायको तोंड फिरवून उभी होती. पण वेल! गॅलरीच्या गजांना पिळे घातलेत त्याने. तोडू म्हणाले सगळे. तिने मान हलवली. मग ती आणि सूनबाई सकाळपासून एकेक तंतू सोडवत होत्या आणि वेल गुंडाळून आत घेत होत्या. भोपळा एक आहे, मोठा. तो सीटवर ठेवला की लोळतो नि देठ तुटेल. म्हणून ठरलं, उद्या भोपळा धरायला मागे मी बसायचं. मिरच्यांच्या मधे माझ्यापुरती जागा केली आहे. ढकलणारे डेंटर आणि मुलगा, चाक धरणार ती.

साडेसहाचे पाच कसे व्हायचे, देव जाणे. छातीत धडधड होतेय. हे डॉक्टरणीने वाचू नये.

सोमवार, ता. ३०

आधी निकाल लिहिते, मग बाकीचं. चार मिनिटं चाळीस सेकंद!!

सकाळी नऊला ट्रक कोपऱ्यावर येऊन थांबला, रिकामा, मागचं फळकूट उघडं. आत चार माणसं हातमोजे घालून. त्याच्यापुढे लाल बंब. मी टॅक्सीत, मांडीवर भोपळा, नाकात पुदिना. मोजणीवाली बाई हातात घड्याळ घेऊन उभी, आमच्याकडे बघतसुद्धा नव्हती.

भोंगा वाजला आणि गल्लीने असा आवाज केला, असा आवाज केला! ड्रम निघाले खडखडत, काका दोन्ही हातांत दोन ड्रम ओढत. मास्तरांच्या पँटी एका फळीवर पायात पाय घालून बांधलेल्या, धावत आत गेल्या. हेल्मेटांचा घोडा गेला. सूनबाई मधोमध उभी राहून हाताने दाखवत होती, तू इकडे, तू तिकडे, जशी जन्मभर हेच करत आली. आणि टॅक्सी हलेना.

डेंटर ढकलतोय, मुलगा ढकलतोय, तिची चाकं जागच्या जागी. मी ओरडले, "पोरी, काय केलंस?" ती पांढरीफटक पडलेली. "हँडब्रेक! बाबांनी शिकवलं होतं, बसलं की आधी हँडब्रेक ओढायचा. हाताने आपोआप ओढला, आजी!" आणि गंजलेला तो, वर गेला तो खाली येईना.

बंबाचं नाक वळणावर दिसायला लागलं.

मी भोपळा सोडू शकत नव्हते. डेंटर मागे, त्याला कळेना. तेवढ्यात खिडकीतून अर्धी आत कोण घुसली असेल? सासूबाई! स्वतःचा घोडा आत ढकलून धावत आलेली, हातात जावयाची लाकडी हातोडी. "पाय घे गं बाजूला!" म्हणाली आणि ब्रेकच्या बुडाशी असा दणका दिला की डॅशबोर्डावरची धूळ माझ्या तोंडात गेली. खटकन खाली! टॅक्सी निघाली. सासूबाईचे पाय बाहेर लोंबकळत, तशीच तिला घेऊन निघाली. डेंटरच्या बायकोने चाक असं फिरवलं, इतकं अलगद, की वेलाचं पान फाटलं नाही, आणि आम्ही डेंटरच्या शटरच्या आत. शटर पडायच्या आधी मी मागे बघितलं, बंब दारावरून सरळ निघून गेला, दोन्ही बाजूंना हातभर जागा ठेवून.

डेंटरची बायको दोन्ही हात चाकावर ठेवून बसली होती. रडत होती का हसत होती, मागून मला दिसलं नाही. म्हणाली, "आजी, चालली."

बाहेर आलो तर बंबवाले खाली उतरून एकेका ड्रमला धक्का देऊन बघत होते. त्यांचा म्होरक्या म्हणाला, "आमच्या ठाण्यातसुद्धा एवढ्या लवकर निघत नाही कुणी." बाईने कागदावर सही केली, ट्रकवाल्याला हात केला. ट्रकने पाठीमागे वळायला बंबापेक्षा जास्त वेळ घेतला. रिकामा गेला. सगळे टाळ्या वाजवत होते, मी भोपळा धरूनच.

बाई माझ्याजवळ आली. "दर महिन्याला एकदा भोंगा वाजवून बघणार, आजी. कधी ते सांगणार नाही." मी म्हटलं, वाजवा. ती म्हणाली, "आणि त्या दिवशी मी नीट बघितलं नाही काहीच. नुसतं मोजलं." तिच्या आईलाही झाडांचं वेड आहे म्हणे. बंबवाल्यांपैकी तिघांना घरच्यांना आणायचं आहे, एकाला जीनच्या पँटीत वांगं कसं लावतात ते शिकायचं आहे.

काकांनी विचारलं, उद्या किती वाजता चालायला निघणार. मी म्हटलं, का? "ड्रम कुठल्या बाजूला फिरवायचा ते कळायला हवं ना." सूनबाई का हसली कोण जाणे.

संध्याकाळी तिने गॅलरीत एक तुटकी बादली आणून ठेवली आणि तळाला चार बेअरिंगं लावायला मुलाला बसवलं. मी म्हटलं, अगं, गॅलरीतून बंब जातो का? ती म्हणाली, "असू देत, आई."

चालले: शून्य, सगळा प्रवास टॅक्सीने.

पाहुणे परत येणार आहेत, बाई, तिची आई आणि बंबवाल्यांची घरं धरून अकरा जण. मोजून घेतले. पुढच्या महिन्याची सहा तारीख, रविवार, सकाळी दहा.